एकेचाळीसच्या एकेचाळीस

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम ऐकून लोकांचा गैरसमज होतो. दोन लढणाऱ्या बाजूंमध्ये बसून समेट घडवते म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही बाई म्हणजे डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर. आमच्या घरी विचारा. नवरा म्हणतो, परक्या मुलखातली युद्धं मिटवतेस आणि शेजारणीशी तीन वर्षं बोलत नाहीस. खरं आहे. पण शेजारीण तिचा कचरा आमच्या दारात लोटते, आणि त्याला दुसरी बाजू नाही.

माझ्या कागदपत्रांत लिहिलंय की या कामाचं शिक्षण मी मोठ्या विद्यापीठात घेतलं. कसलं काय! ते शिक्षण मी आठ वर्षांची असताना घरीच झालं. आईबाबांनी कुठल्याशा लग्नातल्या बोलण्यावरून दीड वर्ष एकमेकांशी अबोला धरला होता. बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, आईला विचार, भाजीत मीठ घातलंय की मिठात भाजी घातलीये? मी स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, बाबा म्हणतात भाजी छान झालीये, मीठ जरा कमी चाललं असतं. आई म्हणायची, सांग त्यांना, उद्यापासून स्वतः रांधा. मी बाहेर येऊन सांगायची, आई म्हणते उद्या लक्ष ठेवेन. एक दिवस दोघं आपसूक बोलायला लागले आणि मला वाटलं, मीच जुळवलं. तेव्हापासून जी खोड लागली, तिच्यावर मी पुढे पगार घेतला.

ज्या कामाबद्दल सांगतेय ते एका बंद पडलेल्या आरोग्यधामात चाललं होतं. एका घाटासाठी आणि घाटातल्या पाण्यासाठी दोन वर्षं लढाई झाली होती. घाट ज्यांच्या हातात होता त्यांना आम्ही वरचे म्हणायचो आणि पायथ्याच्या शहरातल्यांना खालचे. दोघं एका खोलीत बसायला तयार नव्हते. म्हणून वरच्यांना पहिल्या मजल्यावर खोली दिली, खालच्यांना तळमजल्यावर, आणि मधल्या जिन्यावर मी. बावीस पायऱ्या. निरोप घेऊन वर, उत्तर घेऊन खाली. अकरा महिन्यांत माझे दोन्ही गुडघे त्या जिन्याला वाहिले.

वरच्यांचा म्होरक्या लढाईआधी गुरांचा डॉक्टर होता. सगळे त्याला अजूनही डॉक्टरच म्हणत. धिप्पाड माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्याने कान धुऊन यावं. खालच्यांच्या वतीने बोलायला एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलणं कमी आणि नजर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी. त्यांना त्यांच्या शहरात नुसतं बाई म्हणत, मग आम्हीही बाईच म्हणायला लागलो. दोन्ही बाजूंची भाषा एकच होती, पण मला ती तोडकीमोडकी यायची, त्यामुळे माझ्याबरोबर कायम एक दुभाषी असायचा. पाचेक भाषा येणारा हा माणूस स्वतःचं म्हणून एक अक्षर बोलायचा नाही. मी त्याला मौनीबाबा म्हणायची. त्यावरही तो काही बोलायचा नाही.

डॉक्टरच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असायचं. मुद्द्याचं बोलून झालं की वर एक धमकी किंवा शिवी, म्हणजे आपण नमलो असं कुणाला वाटायला नको. पाण्याची पाइप दुरुस्त करायला माणसं मंगळवारी आली तरी चालतील, पण ती परत जातील असं मी म्हटलेलं नाही. रस्ता सोमवारी उघडतो, मंगळवारी उघडा असेल असं मी म्हटलेलं नाही. पाइपवाले गेले, पाइप जोडून, वर चहा पिऊन परत आले. रस्ता मंगळवारीही उघडा होता, पुढे मात्र पैशावरून फाटलं आणि खालच्यांनीच तो हिवाळाभर बंद केला. बाईंचीही शेपटं असायची, पण बारीक, टाचणीएवढी. औषधं पाठवलीत त्याबद्दल आभार, तुमच्याकडे चिठ्ठी वाचता येणारा कुणीतरी आहे हे कळून बरं वाटलं.

ही शेपटं मी कापायची. त्याला नियम होता, अगदी घट्ट. निरोप कागदावर लिहायचा, ज्याचा आहे त्याला वाचून दाखवायचा, तो हो म्हणाला की मगच जिना उतरायचा किंवा चढायचा. शेपूट कापलेला निरोप वाचून दाखवला की डॉक्टर गालात हसायचा आणि मान डोलवायचा. त्यालाही तो तसाच जायला हवा असायचा, फक्त आपल्या तोंडून मवाळ निघायला नको. या धंद्यात आलेल्या नव्या पोरापोरींकडून हा नियम मी घोकून घेते. वाचून दाखवल्याशिवाय पाय उचलायचा नाही म्हणजे नाही.

सगळ्या वाटाघाटींचा जीव एका यादीत होता. लढाईच्या पहिल्याच महिन्यात वरच्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारी एकेचाळीस माणसं धरून नेली होती. त्यांना सोडलं तर खालचे घाटाचा रस्ता कायमचा उघडणार होते आणि दोन्ही बाजू युद्धबंदीवर सही करणार होत्या. यादीत पंचविसावं नाव बाईंच्या भावाचं होतं. पंप दुरुस्त करायचा तो. त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, आई गेल्यावर यांनीच वाढवलेला. दोघांचं लग्न नाही, घरात तिसरं माणूस नाही. हे मला बाईंनी सांगितलेलं नाही, यादीतल्या पत्त्यावरून अंदाज आला आणि बाकीचं त्यांच्या शहरातल्यांकडून कळलं. एकदा मी विषय काढला तर त्यांनी मला वर्गात बडबडणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, यादीवर बोला, नावावर नको.

अकरा महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, डॉक्टर उठला. गाडी खाली उभी होती, घाटात धुकं उतरायच्या आत त्याला निघायचं होतं. दारात उभ्याउभ्या त्याने एक हात बाहीत घातला आणि म्हणाला, यादी मान्य. गुरुवारी देतो. मग दुसरा हात बाहीत घालता घालता म्हणाला, पण त्यांना सांगा, सगळे जिवंत आहेत असं मी म्हटलेलं नाही.

दुभाष्याने मला ते शब्दाला शब्द सांगितलं. मी ऐकलं. ऐकलं आणि त्याच्या नेहमीच्या शेपटांच्या ढिगात टाकून दिलं. डॉक्टर जिना उतरून मागच्या दाराने गेला. कागद नाही, वाचून दाखवणं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी इतकी खूश होते की त्या दिवशी गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

तळमजल्यावर बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी सांगितलं, यादी मान्य, गुरुवारी. त्यांनी टेबलावर हात टेकला आणि विचारलं, सगळे?

"एकेचाळीसच्या एकेचाळीस," मी म्हणाले.

नुसतं कापलं असतं तरी एक वेळ समजू शकले असते. मी वर पदरचंही घातलं. दुभाषी थांबला. नेहमी माझं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू व्हायचं, त्या दिवशी तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बिचाऱ्याचा गळा दाटून आला. मग त्याने जे मी बोलले तेच सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या, पदराने नव्हे, उलट्या हाताने डोळे पुसले आणि लगेच उठून सामान भरायला लागल्या. शनिवार आणि रविवार दोन दिवस त्या शहरात घरोघर फिरल्या. निरोप दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. चाळीस दारांत स्वतः उभ्या राहिल्या आणि सांगितलं, येतायत. एकेचाळिसावं दार त्यांचं स्वतःचंच होतं.

सोमवारी सकाळी वरच्यांकडून गाड्यांचा कागद आला. असे कागद मी शेकड्याने पाहिलेत. किती गाड्या, किती वाजता, कुठे थांबायचं. दोन लहान बस. सव्वीस जागा, सव्वीस ब्लँकेट, सव्वीस पाण्याच्या बाटल्या. मी आधी चिडले. म्हटलं, हे लोक दोन खेपा करणार आणि खालचे म्हणणार उरलेले अडकवून ठेवले. तणतणत जिना चढले. डॉक्टर नुकताच आला होता. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि बाकीचे पंधरा कधी येणार म्हणून विचारलं.

त्याने चष्मा काढला. "दारात सांगितलं होतं मी तुम्हाला."

मी दुभाष्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?" डॉक्टरने विचारलं, आणि त्याचा आवाज मी अकरा महिन्यांत पहिल्यांदा खाली आलेला ऐकला.

मग तो बोलत राहिला. गेल्या हिवाळ्यात तापाची साथ आली. त्यांचीही माणसं गेली, कैद्यांतली पंधरा गेली. रस्ता बंद होता, औषध नव्हतं, आणि तो गुरांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे जे होतं ते त्याने माणसांना टोचलं. शुक्रवारी दारात हे सांगायला त्याला इतके महिने लागले होते आणि तरी पूर्ण सांगता आलं नाही, एवढंच जमलं. गेले तीन दिवस तो वाट बघत होता की खालून आरडाओरडा होईल, दगड येतील, बोलणी मोडतील. काहीच झालं नाही तेव्हा त्याला वाटलं, त्या लोकांनी हे दुःख गिळलं आणि तरी गुरुवारला हो म्हणाले. तो म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा त्याने खालच्यांना मनातून मानलं होतं.

मी संतापले. त्याच्यावर संतापले, कारण इतकी मोठी गोष्ट माणूस कोट चढवता चढवता सांगतो का? मग स्वतःवर संतापले, आणि तो संताप अजून उतरलेला नाही. मी त्याला नावं लिहून मागितली. त्याने खिशातून वही काढून एका कागदावर दोन याद्या केल्या. जिवंत सव्विसांची नावं त्याला वहीत बघून लिहावी लागली. पंधरांची पाठ होती, तारखांसकट. त्यात नववं नाव बाईंच्या भावाचं होतं.

साहेबांना फोन करावा लागला. आमचे साहेब तीन देश पलीकडे मुख्य कचेरीत बसतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. पण डोकं तल्लख, ते नाकारणार नाही. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, सही गुरुवारी नऊ वाजता आहे आणि बस अकराला. आज सांगितलं तर खालचे उठून जातील आणि ते सव्वीसही तिथेच राहतील, ताप काही पुन्हा यायचा थांबणार नाही. नऊ ते अकरा कुणी काही बोललं नाही तर युद्धबंदी कागदावर असेल आणि सत्य काय, बसचं दार उघडलं की आपोआप कळेल. तुम्हाला खोटं बोलायचं नाहीये, फक्त बोलायचं नाहीये.

खोटं कशाला बोलू, मी तासभर त्यावर विचार केला. आरोग्यधामाच्या मागच्या व्हरांड्यात बसून केला. सव्वीस जिवंत माणसं एका पारड्यात होती आणि दुसऱ्यात काय, तर माझी लाज. असं मी मांडलं की साहेबांचं बरोबर ठरत होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. नवऱ्याचा फोन आला, जेवलीस का म्हणून, तर त्याच्यावर विनाकारण खेकसले. तो म्हणाला, काहीतरी बिनसलंय, आणि फोन ठेवला नाही. बरं वाटलं.

मग मी तळमजल्यावर गेले, नेमकं काय करायला ते ठरलेलं नसतानाच. बाई टेबलाशी बसून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नावं लिहीत होत्या. अक्षर फळ्यावरच्यासारखं, मोठं, गोल. गुरुवारी प्रत्येक घराच्या माणसांनी आपापल्या माणसाची पट्टी हातात धरून उभं राहायचं, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. काही मुलं दोन-अडीच वर्षांची होती, त्यांनी बापाला पाहिलेलंच नव्हतं, आणि बापांनी मुलांना. बसमधून उतरणाऱ्याला पट्टी बघून कळावं, आपण कुणाकडे जायचं. तेहेतीस लिहून झाल्या होत्या. मला बघून त्यांनी एक पट्टी उचलून धरली आणि खोलीच्या त्या टोकाला जायला सांगितलं. तिथून वाचता येतं का बघा म्हणाल्या.

मला वाचता येत होतं. मी तिथूनच म्हणाले की लिहायचं थांबवा.

एक सांगते. वरून निघण्यापूर्वी डॉक्टरने बाईंसाठी निरोप दिला होता आणि या वेळी मी तो कागदावर लिहून, त्याला वाचून दाखवून, त्याचा होकार घेऊन आणला होता. तीनच वाक्यं होती. पंधरा माणसं तापाने गेली. माझ्या ताब्यात होती, जबाबदारी माझी. रस्ता बंद होता, औषध येऊ शकलं नाही, आणि रस्ता तुम्ही बंद केला होता. आधी मी माझं सांगितलं. शुक्रवारी त्याने काय म्हटलं होतं, मी काय गाळलं, पदरचं काय घातलं. मग दोन वाक्यं वाचली. तिसऱ्यापाशी आले. देवाशपथ सांगते, तेवढं एक वाक्य कापायची मला अजूनही इच्छा झाली. त्या बाईला हे आत्ताच कशाला, असं वाटलं. पण वाचलं.

दुभाष्याने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो थांबला नाही. तो स्वतःचं बोलला. म्हणाला, शुक्रवारी मी दोन्ही मजल्यांवर होतो, मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. माझं कामच गप्प बसणं आहे असं मी समजत होतो. मला हे त्याने नंतर माझ्या भाषेत सांगितलं, तेव्हा मला कळलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या की रस्ता बंद करायच्या ठरावावर पहिली सही त्यांची आहे. ते त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, ठाऊक नाही.

मी लिफाफा पुढे केला. म्हटलं, नावं यात आहेत, आणि तुमच्या घरचं...

"माझ्या भावाचं सांगू नका." त्यांनी हात वर केला. "चाळीस घरांना मी दारात उभं राहून सांगितलंय, येतायत म्हणून. त्यांना ज्या वेळी कळेल त्याच वेळी मला कळू दे."

मला माहीत होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मुद्दामच बघितलं नसेल. मी माफी मागितली, तर ती त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, दोन वर्षं आम्ही तोफा ऐकल्या, एक वाक्य ऐकवलं असतंत तर ऐकलं असतं. तुम्ही आम्हाला बालवाडीतली मुलं समजलात. मग पट्ट्या नीट रचता रचता त्यांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. बस गुरुवारीच येतील, माझ्या चुकीपायी त्या सव्वीस जणांतला एकही माणूस एक दिवस जास्त वर राहणार नाही. आणि गुरुवारनंतर मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, दुसरं कुणीतरी पाठवा. मी हो म्हणाले. तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगते, बस आल्या, सव्वीस माणसं उतरली, सह्याही झाल्या. मी ते लांबून पाहिलं.

पण त्याआधी, मंगळवारी सकाळी, बाईंनी शाळेच्या सभागृहात एकेचाळीस घरांना बोलावलं. मीही गेले. बाईंनी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. लोक नटूनथटून आले होते, त्यांना वाटलं गुरुवारची तयारी सांगायला बोलावलंय. एक म्हातारे गृहस्थ तर नवे बूट घालून आले होते. मी आधी उभी राहिले आणि दुभाष्याकरवी माझी चूक सांगितली, सगळी. सभागृहात आधी कुणाला काही समजलंच नाही. मग समजलं. आवाज असा उठला की काचा हादरल्या. मी ऐकत उभी राहिले, ते माझंच होतं. मागून एका तरुण बाईने, कडेवर मूल होतं तिच्या, फक्त एवढंच विचारलं, मग तुम्ही असता कशाला? मी खाली बसले.

बाई पुढे आल्या. त्या आल्या आणि वर्ग गप्प होतो तसं सभागृह गप्प झालं. त्यातले निम्मे त्यांच्या हाताखालून शिकलेले. त्यांनी डॉक्टरचा निरोप वाचला, तिन्ही वाक्यं, रस्त्याचंसुद्धा. आणि रस्ता बंद करायच्या ठरावावर माझी सही होती, हे त्याला जोडून सांगितलं. मग म्हणाल्या, आधी येणाऱ्यांची नावं घेते, नंतर न येणाऱ्यांची. नाव घेतलं की त्या घरच्यांनी उभं राहायचं, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल की आज कुणाच्या घरी जाऊन बसायचं आहे.

लिफाफा त्यांनी तिथेच सगळ्यांसमोर फोडला. कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर दुसरा कोरा कागद आडवा धरला. एक ओळ वाचून झाली की कोरा कागद एक ओळ खाली. डोळ्यांनी पुढे पळू नये म्हणून त्या पहिलीतल्या मुलांना असंच वाचायला लावत असणार.

पहिलं नाव, बापाचं नाव, गल्ली. एक बाई आणि दोन मुलं उभी राहिली. बाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, ती बसली, मग पुढचं नाव. कुणी ओरडलं नाही. ज्यांचं नाव आलं त्यांनाही आनंद करता येत नव्हता, शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते माहीत होतं. दहा झाली. अठरा झाली. मी मोजत होते आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. विसाच्या पुढे त्यांचा आवाज जरा कोरडा झाला, त्या पाणी प्यायल्या. सव्विसावं नाव झालं, तेव्हा ते नवे बूटवाले म्हातारे उभे राहिले आणि मटकन खाली बसले. बाईंनी कोरा कागद तसाच धरून ठेवला. आता उरलेल्या पंधरांत आपल्या भावाचं नाव आहे हे बाईंना कळलं होतं, फक्त कितवं ते कळायचं होतं. सभागृहातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. पुढच्या रांगेतली एक बाई उठून त्यांच्याकडे जायला लागली, तर त्यांनी हातानेच तिला बसवलं.

आता न येणाऱ्यांची, त्या म्हणाल्या. नाव, बापाचं नाव, गल्ली, आणि गेल्याची तारीख. पहिल्या नावाला दोन भाऊ उभे राहिले. दुसऱ्याला ती मघाची, कडेवर मूल असलेली. बाई प्रत्येकाकडे तितकाच वेळ बघत होत्या, कुणाकडे कमी नाही, कुणाकडे जास्त नाही. कागद एकेक ओळ खाली सरकत होता. मला पाठ होतं. सातवं. आठवं. मी मनातल्या मनात म्हणत होते, थांबा, थोडं थांबा.

कागद सरकला. बाईंनी भावाचं नाव वाचलं. त्याच आवाजात, बापाचं नाव, गल्ली, तारीख. मग मान वर करून, प्रत्येक नावानंतर बघत होत्या तसं सभागृहाकडे बघितलं. कुणी उठलं नाही. त्या घरात एकच माणूस होतं आणि ते आधीच उभं होतं. बाई इतरांसाठी थांबल्या होत्या तेवढंच थांबल्या आणि मग त्यांनी दहावं नाव घेतलं.